वारज्याच्या मावशीचे गुडघे

मी खोटं फार वाईट बोलते. म्हणजे बोलते भरपूर, पण गरजेपुरतं बोलून थांबता येत नाही. साधं 'हो' म्हणून सुटका झाली असती तिथे मी त्या 'हो'ला नातेवाईक आणि त्यांची दुखणी जोडून बसते, आणि मग तो सगळा गोतावळा सांभाळत फिरते. वारज्याला राहणाऱ्या माझ्या सख्ख्या मावशीचे धडधाकट गुडघे मी असेच एका पावसाळ्यात कामातून घालवले.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही राहायचो विश्रांतवाडीला आणि कॉलेज डेक्कनच्या बाजूला. दोन बस बदलून जायचं, तास करायचे, दोन बस बदलून परत यायचं. आईबाबा दोघंही नोकरीवाले, दोघांचीही गावं लांब. पुण्यात आमचं म्हणावं असं मावशी सोडून कोणी नव्हतं. दोन वर्षं मी वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसले. मुली वाईट होत्या अशातला भाग नाही, पण त्यांच्या शाळा एक, पेठा एक, गाण्याचे क्लास एक. नवीन मैत्रीण ठेवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी आठवडाभर तापाने घरी होते. परत गेले तर शेजारच्या बाकावरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "तू नवीन आलीस का?" त्या दिवशी बसमध्ये मी रडले. कंडक्टर बघतोय म्हटल्यावर सर्दी झाल्याचं नाटक केलं आणि खरोखरीची सर्दी झाल्यासारखा रुमाल दोन दिवस नाकाला लावून हिंडले. पण त्याच बसमध्ये मी ठरवलं, की कॉलेज संपायच्या आत इथे आपण कोणाचं तरी व्हायचं. एका तरी मुलीने आपल्याला 'अगं' म्हणून हाक मारली पाहिजे.

कॉलेजात मुलींचा मंगळागौरीच्या खेळांचा एक गट होता. श्रावणात नव्याने लग्न झालेल्या मुलींच्या घरी मंगळागौर असली, की हा गट जाऊन झिम्मा, पिंगा, फुगड्या खेळायचा. नुसतं बोलावणं यायचं असं नाही, चढाओढ असायची. या गटाची नोटीस कधी लागत नसे आणि फॉर्मही नव्हता. मुली यायच्या त्या आधीच्या मुलींच्या बहिणी, भाच्या, पुतण्या म्हणून. हिची आई गटात होती, तिची आत्या होती, एकीच्या तर आईची आणि सासूची ओळखच गटात झाली होती. थोडक्यात, कोणाची तरी असल्याशिवाय तिथे शिरकाव नव्हता, आणि कोणाची तरी व्हायला म्हणून मी नेमकी तिथे जाऊन धडकले. अक्कल अक्कल म्हणतात ती हीच.

सरावाला जिमखान्याच्या हॉलमध्ये जमायच्या. गटाची प्रमुख एम. ए.ला होती, तिला सगळ्या ताई म्हणायच्या. उंच, सडपातळ, आणि बोलणं असं की समोरच्याने पुढचं वाक्य गिळावं. मी आत जाऊन उभी राहिले तर तिने विचारलं, कोणाची तू? मी बाबांचं संपूर्ण नाव सांगितलं. हॉलभर हशा पिकला. तसं नाही, म्हणाली, गटात तुझं कोण आहे? कोणी नाही म्हटल्यावर तिने मला एक फुगडी घालायला लावली. फुगडी बरी झाली असावी, कारण तिने 'हं' केलं. तिच्याकडून 'हं' मिळणं म्हणजे पेढे वाटायचीच बाब आहे, हे मला पुढे कळलं.

मग तिने नियम सांगितले. सराव सकाळी सातला, उशीर चालणार नाही. आणि कार्यक्रमाला नऊवारी नेसायची. नेसायची म्हणजे नेसायची, शिवलेली चालणार नाही. तेव्हा सलवारीसारखी पायात चढवायची, काष्टा शिवून टाकलेली नऊवारी नुकती मिळायला लागली होती, आणि या मुलींना तिचा भयंकर तिटकारा होता.

"शिवलेली बाहुल्यांना," ताई म्हणाली. "तुझ्या घरी नेसवणारं कोणी आहे ना?"

आमच्या घरी सहावारीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि आई तर ऑफिसला ड्रेस घालून जायची. इथे खरं बोलायचं होतं. मी म्हटलं, हो, आहे की. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला चेव आला. म्हटलं, माझी मावशी नेसवते, वारज्याला असते, झोपेतसुद्धा नऊवारी नेसवेल. खेळही सगळे येतात तिला, एकेकाळी गाजवलेत.

माझी मावशी दिवसभर गाऊनमध्ये असते. लग्नातसुद्धा तिला साडी दुसऱ्या कोणीतरी नेसवावी लागते, आणि फुगडीचं नाव काढलं तर तिला चक्कर येते.

झालं. आठ दिवसांत मुली म्हणायला लागल्या, आण ना मावशीला, आम्हालाही चार जुने खेळ शिकवेल. मी म्हटलं, गुडघा दुखतो गं तिचा. मग रोज चौकशी, कसा आहे मावशीचा गुडघा? एकीने तेल सुचवलं, दुसरीने तिच्या काकांचा दवाखाना. मी मावशीला फोन करून सगळं सांगून टाकलं, म्हटलं चुकून कोणी भेटलंच तर लंगड. ती म्हणाली, कार्टे, मी रोज सकाळी टेकडी चढून येते, माझे गुडघे तुझ्या तोंडाला काय लागले?

आणि या सगळ्यात मला गट आवडायला लागला, हीच खरी पंचाईत होती. विश्रांतवाडीहून बसची वेळच अशी होती, की मी एक तर साडेसहाला पोचायची नाही तर साडेसातला. म्हणून रोज साडेसहाला जाऊन पायरीवर बसायची. दुसऱ्या आठवड्यात ताईने हॉलची किल्लीच माझ्याकडे दिली. मी कुलूप काढायची, केर काढायची, पंखे लावायची. मग एकेक मुलगी डोळे चोळत यायची आणि म्हणायची, "अगं, तू आलीस पण?" त्या 'अगं'साठी मी अंघोळ न करतासुद्धा गेले असते. एक-दोनदा गेलेही.

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारचा कार्यक्रम ठरला. सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात, दुपारी. आता नऊवारी आणायची कुठून? मी एक साडी पैदा केली आणि घरी आरशासमोर तीन संध्याकाळी नेसायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी चालता येईना, दुसऱ्या दिवशी बसता येईना, तिसऱ्या दिवशी सुटेना. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेले. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तेच शिवायचे. शिवलेली पण नेसल्यासारखी दिसणारी नऊवारी हवी म्हटल्यावर त्यांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. मग म्हणाले, खेळणार असाल तर सैल ठेवतो, बसायचं-उठायचं काम आहे. मी म्हटलं, छे छे, फिटिंग पाहिजे. सैल ठेवली की शिवलेली कळते, असा माझा शोध होता. मास्तरांनी दोनदा सांगितलं आणि मग हात टेकले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी घरूनच चढवून, वर शाल गुंडाळून बसने गेले. कार्यालयात मुली एकमेकींचे काष्टे आवळत होत्या, मी आपली आधीच तयार. काय चापून चोपून नेसवलीय तुझ्या मावशीने, एकजण म्हणाली. ताईने वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि ती दुसरीचा काष्टा आवळायला वळली. मला वाटलं, आपण जिंकलो.

झिम्मा झाला, पिंगा झाला. समोर नवी नवरी, तिच्या सासरच्या बायका, गटातल्या जुन्या मुली आपापल्या पोरीबाळी घेऊन बसलेल्या. मग बसफुगडी आली. उकिडवं बसायचं, समोरचीचे हात धरायचे आणि उड्या मारत पाय पुढे फेकायचे. मी बसले. पहिला पाय फेकला. दुसरा फेकला, आणि मास्तरांची सगळी शिलाई मागून एका दमात उसवली. आवाज असा आला की पेटीवाल्या बाईंचा हात थबकला.

मी तिथेच बसकण मारली. आत सायकलिंगची चड्डी होती ही आईची कृपा, पण तेवढ्या अब्रूचं मी काय करणार होते? डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होतं, आता सगळ्या थांबणार, कोणीतरी 'शिवलेली होती' म्हणणार, आणि उद्यापासून किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी. मला साडीचं काही वाटत नव्हतं. पायरी जाणार याचं रडू येत होतं.

पण कोणी थांबलंच नाही. ताईने मध्येच गाणं बदललं, आवाज चढवला आणि हात उंचावून खूण केली. क्षणात सगळ्या जणींनी माझ्याभोवती घट्ट कडं केलं आणि टाळ्या देत झिम्मा सुरू झाला. बाहेरून कोणाला वाटावं, असाच बसवलाय खेळ. ताई गात गातच कड्यात शिरली, माझ्यामागे गुडघे टेकले, स्वतःच्या कमरेच्या दोन पिना काढल्या. एकीने हातातल्या बांगड्यांत अडकवलेली पिन पुढे केली, दुसरीने कमरेचा शेला सोडून दिला. दोन कडवी होईपर्यंत मी पिनांनी आणि शेल्याने बांधलेली उभी होते. उठताना ताई माझ्या कानाशी म्हणाली, "मावशीला सांग, टाके दुहेरी घालायचे."

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका श्वासात सगळं ओकले. वारजे, गाऊन, टेलर. तिने पिना मोजून घेतल्या.

"तुझ्या मावशीचा आषाढात डावा गुडघा दुखत होता," ती म्हणाली, "श्रावणात उजवा झाला. मला तेव्हाच कळलं."

मग मला काढलं का नाहीस, मी विचारलं.

"साडेसहाला कुलूप कोणी उघडलं असतं?" ती म्हणाली. आणि शनिवारी सरावानंतर अर्धा तास थांब, नेसायला शिकवते, एवढं सांगून ती पानावर जाऊन बसली.

पंगत मांडली होती, वाटली डाळ, मुगाची उसळ, भाजणीचे वडे. नवरीच्या सासूबाई वाढता वाढता एकेकीची ओळख करून घेत होत्या. ही अमक्यांची धाकटी ना, तुझी आत्या माझ्या वर्गात होती, अगदी आईचा चेहरा आहे गं. प्रत्येकीपाशी थांबून, एकेक धागा जुळवून पुढे सरकत होत्या. माझ्यापाशी येऊन त्या थबकल्या. मी मान खाली घालून मिठाकडे बघत बसले. या वेळी तोंडातून एकही नातेवाईक निघाला नाही.

"आणि ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"आमची," ताई वडा मोडत म्हणाली. "लांब जायचंय तिला. आधी तिला वाढा."

मी त्या दिवशी पाच वडे खाल्ले. मुलींनी दोनदा आठवण केली, अगं, तुझी बस जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.