क्लॅरी बॉयलनच्या ओल्या मेंढ्या

क्लॅरी बॉयलनला मी इतक्या वेळा मारलंय की विचारू नका. म्हणजे मारायचे दुसरेच, मी फक्त रक्त लावायची. तीस वर्षं सिनेमात रंगभूषा करतेय, त्यातली निम्मी या एका माणसाच्या अंगावर गोळ्यांच्या जखमा रंगवण्यात गेली. पोलीस झाला, मेला. दारूच्या गुत्त्याचा मालक झाला, पहिल्याच मारामारीत मेला. एकदा मगरीने खाल्ला आणि मागे नुसता बूट उरला. तो बूट त्याचा स्वतःचा होता, मेल्यांनी परतसुद्धा दिला नाही.

"ग्लेनिस," खुर्चीत बसता बसता तो मला विचारायचा, "आज कितव्या पानावर जातोय मी?"

मूळचा मेंढ्यांची लोकर भादरणारा, सिडनीपासून खूप आत, कोबार गावाकडचा. बापही तेच करायचा. तरुणपणी त्यांच्या शेडवर सिनेमावाले आले. घोड्यावरून पडायचं होतं आणि सिडनीहून आणलेले नटसम्राट काही पडेनात. क्लॅरी पडला. मग त्याला दोन वाक्यं दिली. त्या काळी आमच्या नटांनी लंडनच्या साहेबासारखं बोलायचं, असा शिरस्ता होता. दिग्दर्शकाने तसं बोलून दाखवलं. क्लॅरी म्हणाला, "असं बोललो तर माझी आई मला घरात घेणार नाही." आणि बोलला आपला नाकातल्या नाकात, कोबारकडे बोलतात तसा. लोक थिएटरात टाळ्या पिटायला लागले. तेव्हापासून कामं मिळत गेली, पण कायम मरणाऱ्याचीच.

नायक झाला तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. गोष्ट एका म्हाताऱ्या मेंढ्या भादरणाऱ्याची, तो आपल्या जुन्या शेडवर शेवटचा हंगाम करायला येतो. क्लॅरीने आधी शेवटचं पान वाचलं आणि मला फोन केला. "अगं, मी जिवंत आहे! शेवटपर्यंत!" असा ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. सांगते, मला रडू आलं.

शूटिंग 'हे' नावाच्या गावाच्या पलीकडे, ऐन फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, एका खऱ्या शेडवर. हिवाळ्यापासून पावसाचा थेंब नाही. त्याच्यासोबत काम करायला खरेच भादरणारे बोलावले होते. सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विमा कंपनीच्या डॉक्टरने क्लॅरीचं हृदय तपासलं आणि नकारार्थी मान हलवली, म्हणजे विमा नाही. निर्माता स्टुअर्ट पेनहॅलो ते सांगायला माझ्या रंगभूषेच्या गाडीतच आला, क्लॅरी खुर्चीत बसलेला असताना.

"माझा नाइलाज आहे, क्लॅरी. मध्येच काही झालं तर सगळा सिनेमा बुडेल."

"काही झालं म्हणजे?"

"म्हणजे... तुला कळतंय रे."

"मेलो तर, असं म्हण की! जन्मभर तुमच्यासाठी मरत आलो, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. आता जगायचं काम आलं तर तुम्हाला डॉक्टर आठवला?"

स्टुअर्ट माझ्याकडे वळून म्हणाला, "उद्या मेलबर्नहून दुसरा नट येतोय. पंचेचाळिशीचा आहे. त्याला म्हातारा कर. सुरकुत्या क्लॅरीच्याच घे, छान आहेत."

त्याच्यासमोर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. "त्या उन्हाने पाडल्यात," मी म्हटलं, "उन्हालाच बोलव."

क्लॅरीने टोपी उचलली. मला वाटलं, निघाला घरी. कसला निघतोय! "शेडमध्ये बसतो," म्हणाला. "माणसं माझी आहेत. तिथे बसायला विमा लागत नाही."

सकाळी कॅमेरे लागले, दिवे लागले. माझ्या मदतनिसांनी त्या नव्या बिचाऱ्याच्या तोंडाला रबर फासून त्याला आणून उभा केला. मी हात लावला नव्हता. भादरणाऱ्यांनी निवडलेला पुढारी नेव्हिल रज. त्याने आवारातल्या एका मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसली आणि गंभीर चेहरा केला.

"ओली वाटते मला. मत घेऊ या."

आमच्याकडे हे असंच चालतं. ओल्या मेंढीने सांधे धरतात, माणूस आजारी पडतो. म्हणून शंका आली की भादरणारे चिठ्ठ्या टाकतात, ओली की कोरडी. बहुमत ओल्याचं झालं तर मशीन बंद, आणि त्यावर मालकानेही तोंड उघडायचं नाही.

"ओली?" स्टुअर्ट किंचाळला. "अरे, जमिनीला भेगा पडल्यात!"

नेव्हिलने टोपी फिरवली. क्लॅरी अजून भादरणाऱ्यांच्या युनियनचा सभासद, त्यालाही चिठ्ठी मिळाली. मग नेव्हिलने एकेक वाचली. ओली. ओली. ओली. सगळ्या ओल्याच. शेवटची वाचताना मात्र तो अडखळला. "कोरडी?"

क्लॅरीने हात वर केला. "माझी आहे. हात घालून बघितलं मी. खडखडीत कोरड्या आहेत."

"अरे गाढवा, तुझ्यासाठीच तर चाललंय हे!" नेव्हिल म्हणाला.

"माहितीये. तरी लोकरीबद्दल मी खोटं लिहिणार नाही."

"बघा, तोच म्हणतोय!" स्टुअर्टने टाळी वाजवली.

"तो एकटा म्हणतोय," नेव्हिल म्हणाला. खाली बसला आणि बूट काढायला लागला. "बहुमत ओल्याचं. काम बंद."

स्टुअर्ट शेडच्या मालकीणबाईंकडे धावला. मेंढ्या त्यांच्या, त्यांनी तरी सांगावं. बाई म्हणाल्या, "मत झालंय. चहा घेणार का?"

"बरं, उद्या तरी?" त्याने नेव्हिलला विचारलं.

नेव्हिलने वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "उद्याही पावसाचं लक्षण दिसतंय," तो म्हणाला.

दुपारपर्यंत स्टुअर्ट फोनवर होता. नव्या नटाने आपणहून तोंडावरचं रबर सोललं आणि पोरांबरोबर बीटाचं सँडविच खात बसला. भला माणूस निघाला. शेवटी ठरलं, क्लॅरीची सगळी दृश्यं आधी उरकायची आणि जोखीम क्लॅरीने सही करून स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. लगेच पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. मेंढ्या एकमताने कोरड्या.

क्लॅरीने पहिली मेंढी ओढून गुडघ्यांत धरली आणि मशीन चालवलं. अर्धी झाली तेव्हा दिग्दर्शक ओरडला, "कट! मिळालं!" क्लॅरी थांबला नाही. दिवे बंद झाले तरी नाही. रंगाखालून त्याचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसत होता. स्टुअर्ट माझा दंड धरून म्हणाला, "थांबव त्याला, पाया पडतो." मी नाही थांबवलं.

लोकर अखंड उतरली. मेंढी नागडी होऊन खाली पळाली. क्लॅरी कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला.

"कट म्हटलं होतं रे!" स्टुअर्ट म्हणाला.

"ऐकलं मी," क्लॅरी म्हणाला. "अर्धी भादरलेली सोडायची नसते. पुढची आण."