हात हलवल्याशिवाय न चालणारं घड्याळ

नातवाने स्वित्झर्लंडचं महागडं घड्याळ घेतलं. पाठीला काच आणि आत घासूनपुसून केलेली बारीक नक्षी, तीही मनगटाच्या केसांना दिसावी म्हणून! याला म्हणे कारागिरी. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि चावी आपोआप भरते. आज प्रेम नगरातून मुलीकडचे त्याला बघायला यायचे, तर नेमकं बंद. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा हात हलणार कधी?

"आजी, इसको घुमाने का डिब्बा आता है," म्हणाला. घड्याळाला पाळणा!

तशी मी काय कमी होते? लग्नात माहेरून असलंच घड्याळ आलं होतं. सगळ्यांना दिसावं म्हणून ही महाराणी हळदीकुंकवाला मनगट मांडीवर मांडून ढिम्म बसायची आणि ते बंद पडलं की कंपनीला शिव्या घालायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, जरा ताक घुसळा. चालेल ते."

मी नातवाला घड्याळ उजव्या हातात बांधायला लावलं आणि पुढ्यात चक्का नि पुरणयंत्र ठेवलं. पाहुणे आले तेव्हा घड्याळ टिकटिकत होतं. मुलीने घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. श्रीखंड मात्र मागून घेतलं.