नाल्यापलीकडची दारं

लटारूभाऊ पटवारी कुठल्याही गावात शिरताना आधी थांबत, काठी जमिनीवर आपटत आणि बरोबरच्याला विचारत, "आता आपन कोनाच्या शिवेत आहो?" उत्तर चुकलं की भर उन्हात मागे नेऊन शिवेचा दगड दाखवत. मला या माणसाचा भयंकर राग येई. पण एक्कावन्न सालच्या खानेसुमारीत, चांदा जिल्ह्याच्या जंगलात मी नवखा मास्तर माणसं मोजायला निघालो, तेव्हा वाट दाखवायला तेच होते.

यादीतल्या शेवटच्या गावी पोचलो, तर तिथं चिटपाखरू नाही. घरांच्या भिंती उभ्या, दारं गायब! घरयादीच्या वेळी त्या दारांवर मीच गेरूने नंबर टाकले होते. मला घाम फुटला. लटारूभाऊंनी मुकाट्याने नाला ओलांडला. पलीकडे नव्या झोपड्या होत्या आणि त्यांना तीच सागवानी दारं, माझ्या अक्षरातल्या नंबरांसकट. देवीच्या साथीत पोरं दगावली म्हणून लोकांनी गाव सोडलं होतं. दारं मात्र खांद्यावर घालून आणली होती.

नाला हीच गावाची शीव. पलीकडे सरकारी राखीव जंगल. आमच्या मागोमाग तिथला नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, येऊन उभा राहिला.

"मास्तर, नंबर तेच हायेत ना? मंग जुन्याच गावात लिवा. इथी कोनी राहतच नाई. आठ दिवसांत इथी राख दिसन."

एक म्हातारी दाराला पाठ लावून बसली होती. ती जागची हलली नाही.

मला तर सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. नंबर जुळत होते, आकडा जुळत होता. मी टाक उचलला, तोच भाऊंनी माझं मनगट धरलं.

"मानूस मोजाचा तं जाग्यासकट मोजाचा, गुरुजी. कागदावर इथी कोनी नसन, तं उद्या जाळलं तरी कोनाचं जाळलं?"

नाकेदाराने खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. भाऊ त्याच्याकडे पाठ करून सावकाश सांगू लागले: नाला, मोहाचं झाड, शिवेचा दगड. मी लिहीत गेलो. शेवटी नाकेदार शिव्या घालत निघून गेला.

महिन्याभरात नाकेदाराच्या तक्रारीवरून तहसील कचेरीतून बोलावणं आलं. "हे कुणी लिहायला लावलं?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"पटवाऱ्यांनी," मी म्हणालो. नोकरी नवी होती, मी भ्यालो. तिथं माणसं राहतात हे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते बोललोच नाही. भाऊंवर खोट्या नोंदीचा ठपका आला आणि दूर सिरोंच्याला बदली झाली. टोला, म्हणजे नाल्यापलीकडची ती नवी वस्ती, उठवायचा हुकूमही निघायच्या बेतात होता.

भाऊ बैलगाडीत ट्रंक चढवत होते, तेव्हा मी शरमेने खाली मान घालून गेलो. "भाऊ, मी तुमचं नाव सांगितलं."

"खरं तेच सांगतलं. घरं सांगतले का?"

"नाही," मी म्हणालो.

"काऊन?" एवढंच विचारून ते गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेली तसा मी कचेरीत गेलो, पाहिलेलं सगळं लिहिलं आणि खाली सही ठोकली. चौकशीला माणूस गेला, त्याने दारं पाहिली, नोंद खरी ठरली, हुकूम थांबला. टोला राहिला. मी सिरोंच्याला पोस्टकार्ड टाकलं: 'घरं सांगितली.'

उत्तर आलं नाही. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद झाले आणि ते उघडल्यावर कळलं, भाऊ तापाने गेले. ते कार्ड त्यांच्या हाती पडलं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही.