बूच कोणी सैल केलं?

मावशीला आठवलं की अजून हसू येतं. भाचीनं होणाऱ्या नवऱ्याबद्दल सांगितलेलं, "तो गाळातल्या जिवाणूंचा श्वास मोजतो." मावशीच्या डोक्यात श्वास तेवढा राहिला. छातीचा डॉक्टर समजून पहिल्याच भेटीत तिनं त्याला जिन्यावर लागणाऱ्या धापेचं पुराण ऐकवलं. त्या गुणी बाळानं मान डोलावत ऐकलंही. मग कळलं, जावईबापू सांडपाण्याच्या प्लँटवर आहेत.

तेव्हापासून वाद एकच. मावशी म्हणायची, "चिखल तो चिखल, त्यात कसला आलाय जीव?" तो म्हणायचा, "एक दिवस तुम्हीच कबूल कराल."

परवा कुठल्याशा कारखान्याचं विषारी पाणी प्लँटच्या टाकीत घुसलं. घाण खाणारे जिवाणू मेले असतील तर अख्खी टाकी उपसायची, आणि नवे वाढेपर्यंत घाण पाणी थेट नदीत. त्यात प्लँटची वीज गेलेली. म्हणून स्वारी गाळाची बाटली घेऊन थेट मावशीच्या जेवणाच्या टेबलावर.

"माझ्या टेबलावर?"

"खाली पेपर घालतो, मावशी."

माशांच्या टाकीचा पंप लावून त्यानं गाळात भरपूर हवा सोडली. मग प्राणवायू मोजणाऱ्या मीटरची कांडी खुपसून बूच घट्ट लावलं. "आता आत जेवढी हवा आहे तेवढीच. आकडा उतरला की समजायचं, श्वास घेतायत." तेवढ्यात साहेबांचा फोन आला, तो गॅलरीत गेला.

परत येऊन बघतो तर आकडा जागचा हलेना. त्यानं बाटली हलवून पाहिली. तरी ढिम्म. तो मटकन खुर्चीत बसला. "गेले वाटतं सगळे."

त्याचा चेहरा मावशीला बघवेना. ती उगाच टेबल पुसायला लागली. तेवढ्यात त्याला बुचाखाली हवेचा टपोरा बुडबुडा दिसला.

"मावशी, बूच कोणी सैल केलं?"

"मी," मावशी फडकं झटकत म्हणाली. "आकडा भराभर उतरत होता. हवा संपत आलेली त्यांची. गुदमरले असते बिचारे."

म्हणजे बाहेरून हवा मिळत होती, म्हणून आकडा अडला होता. मग बाटली काठोकाठ भरून त्यानं बूच पुन्हा दाबलं. आकडा उतरू लागला, चांगला सरसर. साहेबांना फोन गेला: टाकी उपसू नका.

फोन ठेवून तो गालात हसला. "कोण गुदमरलं असतं, मावशी?"

"चहा टाकते," मावशी म्हणाली.

"चिखल गुदमरतो का?"

"साखर किती घालू ते बोल."