दोनच तारांची केबल

मे महिन्यात आमच्या हुडकेश्वरच्या घरात कुलर सुरू झाला की कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. बाबांना तर कुलर बंद असला तरी येत नाही. कानाचं मशीन त्यांनी आठवडाभर लावलं. मग, "यात निस्ती खरखर आहे, स्टेशन लागूनच नाही राहिलं," म्हणाले आणि डबीत ठेवून दिलं. सदर बाजारातल्या एका दुकानात उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. खरखर कशाला म्हणतात हे मी त्यांना काय शिकवणार?

त्याच दुकानात त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारे एक काका आता धरमपेठेत राहतात. दर बुधवारी ते बाबांकडे येतात. त्या बुधवारी भर उन्हात बसने आले, फाटकावरची बेल दोनदा वाजवली आणि घरात कोणी नाही असं समजून परत गेले. मी मागच्या अंगणात कपडे धूत होते, बाबा कुलरसमोर पेपर वाचत होते. संध्याकाळी काकांचा फोन आला तेव्हा हे कळलं. मी बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी खुर्ची उचलली आणि पोर्चमध्ये फाटकाकडे तोंड करून बसले.

"बाबा, बुधवार आता पुढच्या हप्त्यात येईन!" मी ओरडले.

"हाव, माहीत आहे मले. मधात कोणी आलं तं?"

नवतपा लागलेला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. त्या पोर्चमध्ये कुत्रंही थांबत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबांच्या नाकाचा घोळणा फुटला. सदऱ्यावरचं रक्त पाहून माझं डोकंच फिरलं. मी खुर्ची आत आणली, त्यांनी ती पुन्हा बाहेर नेली. आता या वयात माणसाला काय दावणीला बांधायचं? मी चिडले, मोरीत जाऊन रडलेही, आणि मग ठरवलं की पुढच्या बुधवारच्या आत यांना डोळ्यांनी दिसेल अशी बेल करायची.

बाबांनी आधी बेलच्या तारेलाच बल्ब जोडून पाहिला. पण बटण दाबलं तेवढाच तो लागायचा. पेपरात डोकं असलं की गेलाच हुकून. दिवा लुकलुकत राहायला हवा होता, बाबा स्वतः उठून बंद करेपर्यंत. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीचं कॉलेजच्या काळातलं एक खोकं कपाटावर पडून होतं. त्यात बोटाएवढा एक बोर्ड होता. एकदा प्रोग्राम टाकला की पुढे आपल्या मनाने काम करतो, असा. लेक फोनवर म्हणाली, "आई, सोपं आहे. प्रोग्राम मी पाठवते. तू फक्त बोर्ड लॅपटॉपला जोड आणि अपलोड दाब." फक्त! या पोरीचं 'फक्त' मला ती शाळेत होती तेव्हापासून माहीत आहे.

बाबांनी फाटकावर वेगळं बटण बसवलं, तार आत आणली, त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर छोट्या दिव्यांची पट्टी आणि ती बंद करायचं बटण लावलं. सोल्डरिंगचे सगळे डाग स्वतः दिले. चहाचा कप धरताना थरथरणारा त्यांचा हात डाग देताना जरासुद्धा हलला नाही. राहिलं होतं ते बोर्डात अक्कल भरायचं, आणि ते काम माझ्याकडे होतं.

मंगळवारी दुपारी जेवणं आटोपून मी बसले. ड्रॉवरमध्ये सापडलेल्या केबलने बोर्ड लॅपटॉपला जोडला. बोर्डावरचा लाल दिवा टचकन लागला. मी खूश! अपलोड दाबलं तर लॅपटॉप म्हणतो, पोर्ट सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. लेकीला फोन लावला.

"आई, ड्रायव्हर टाकला का?"

"कोणता ड्रायव्हर?" मी इतक्या जोरात ओरडले की बाबांनाही ऐकू गेलं. ते उठले, हत्यारांचा डबा उघडला आणि तीन पेचकस, म्हणजे त्यांचे स्क्रूड्रायव्हर, घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. एक बारीक, एक जाड, एक फुलीचा.

"कोणता पाहिजे वं?"

आता हसावं की रडावं? लेकीचा ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला बोर्डाची ओळख पटवून देणारा प्रोग्राम, हे बाबांना सांगायचं तर अर्धा तास ओरडावं लागलं असतं. मी हातानेच खूण केली, राहू द्या. ते मात्र पेचकस धरून तिथेच उभे राहिले.

लेकीने सांगितलं तसा तो ड्रायव्हर टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. केबल या बाजूची काढून त्या बाजूला लावली. लाल दिवा लागायचा आणि पोर्ट काही दिसायचं नाही. "लाल दिवा आहे ना, म्हणजे बोर्ड चांगला आहे. मला मीटिंग आहे आई," म्हणून लेकीने फोन ठेवला. मी लॅपटॉपचं झाकण आपटलं. उद्या बुधवार होता.

"काय म्हणून राहिला तो?" बाबांनी लॅपटॉपकडे बोट दाखवत विचारलं.

"काही नाही," मी तोंड फिरवून म्हणाले. ते समोर येऊन उभे राहिले आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'करंट जातो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही.'

त्यांनी वाचलं. केबल चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. "कशाची आहे हे?"

"पंख्याची." चार्जिंगच्या एका छोट्या पंख्यासोबत ती आली होती.

पुढचं मी बोलेपर्यंत त्यांनी कटर घेऊन ती मधोमध कापलीच. "अरे बाप्पा! बाबा!" ते कुठे ऐकतात! वरचं काळं साल सोलून त्यांनी मला आतल्या तारा दाखवल्या.

"पाह्य. दोनच. लाल न् काळी. हे निस्ती जेवू घालते वं, बोलत नाही. बोलाले अलग तारा लागतात."

ते केबलबद्दलच बोलत होते. टोमणे मारायचा स्वभाव त्यांचा नाही, तो माझा आहे. पण माझी नजर स्टुलावरच्या त्यांच्या ताटाकडे गेली. दुपारी मी ते ठेवलं होतं, हाताने जेवायची खूण केली होती आणि निघून आले होते. चहा, गोळ्या, ताट, सगळं अगदी घड्याळाच्या ठोक्याला. ओरडून घसा दुखतो म्हणून मी त्यांच्याशी बोलणं कधी बंद केलं, ते मला आठवेना. मला फार लाज वाटली.

तोवर बाबा रद्दीच्या गठ्ठ्याजवळ गेले होते. गठ्ठा दोरीऐवजी माझ्या जुन्या मोबाइलच्या केबलने बांधलेला होता. ती सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. "यातूनच तू पोरीच्या लग्नाचे फोटो कांपुटरात टाकले होते ना? मंग हे बोलते."

मी ती लावली. लॅपटॉपमधून टुणकन आवाज आला. बाबांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बोलला?"

मी जोरजोरात मान हलवली. पोर्ट दिसलं, प्रोग्राम गेला आणि बाबांनी बोर्ड भिंतीवरच्या पट्टीला जोडला. मग त्यांनी फाटकावर जाऊन चारदा बटण दाबून पाहिलं, चारही वेळा पट्टी लुकलुकली.

बुधवारी अकराला पट्टी लुकलुकली. बाबा पेपर टाकून उठले आणि काकांना हाताला धरून आत घेऊन आले. मी पन्हं घेऊन गेले आणि दारातच थांबले. काका ओरडत नव्हते. त्यांचा आवाज तसाही आता बारीक झाला आहे. खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लावून, बाबांच्या तोंडासमोर तोंड धरून ते एकेक शब्द सावकाश बोलत होते. बाबा त्यांच्या ओठांकडे बघून खदखदा हसत होते. ते हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

गुरुवारी बाबांनी खुर्ची बाहेर नेली नाही. दुपारी मी त्यांचं ताट स्टुलावर ठेवलं आणि सवयीने वळले. मग परत फिरले, दुसरी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"बाबा," मी सावकाश म्हणाले, "वांगी खारट झाली का?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. हातातला घास तसाच राहिला होता.

"झाली थोडीशी," ते म्हणाले. "पण तू बस वं."