चार बोटं डावीकडे

७ फेब्रुवारी १९९९. अठराशे पंचेचाळीस दिरहम. म्हणजे त्या दिवसाच्या भावाने एकवीस हजारांच्या वर रुपये. एका जुन्या कार्बाइनला नवा साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, बसवण्याचा हा खर्च, आणि आमचे मॅनेजर अनिल सबनीस मला सांगत होते की तो 'ऑफिस देखभाल' या खात्याला टाका.

"बंदूक ऑफिसात कधीपासून आली?" मी विचारलं.

"पुरंदरे, अरबाबची बंदूक आहे. अरबाबचं ते सगळं ऑफिसचंच. टाका."

मी टाकला. पण ही हकीकत सबनीसांची नाही. ही आमच्या खरेदी विभागातल्या अनुपमा घोरपडे यांची आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, मग अबुधाबीतल्या या कंपनीत त्यांना ओळखणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, एक पद्धत होती. दर वर्षी थंडी सरताना अल ऐनच्या बाजूला एका शूटिंग क्लबात सगळ्या स्टाफला तो घेऊन जाई. तिथे त्याच्या वडिलांची कार्बाइन होती. लिव्हर खाली ओढून वर दाबला की रिकामं काडतूस बाजूला उडतं आणि नवं आत जातं, अशा जुन्या घडणीची. पन्नास मीटरवरून उभ्याने प्रत्येकी पाच गोळ्या. जो जिंकेल त्याने जेवणानंतर मजलिसमध्ये, म्हणजे अरबाबच्या बैठकीत, सगळ्यांसमोर एक मागणं मागायचं. सगळ्यांसमोर मागितलेलं अरबाब नाकारत नसे. एका ड्रायव्हरने बहिणीचं लग्न मागितलं होतं, खर्च मिळाला. सलग तीन वर्षं मात्र सबनीस जिंकत होते. त्यांनी पगारवाढ मागितली, मग गाडी, मग मोठा फ्लॅट.

अनुपमाबाईंचे यजमान चारुदत्त आमच्याकडेच एस्टिमेटर होते. १९९५ मध्ये पंपांच्या एका टेंडरात पाइपांचं जहाजभाडं धरायचंच राहून गेलं. आकडे सबनीसांनी शेवटच्या दिवशी स्वतः बदलले होते. कंपनीला मोठा फटका बसला तेव्हा अरबाबसमोर त्यांनी चारुदत्तकडे बोट दाखवलं. चारुदत्तचा व्हिसा रद्द झाला, दहा दिवसांत विमानात बसवलं, आणि 'हा माणूस माझ्या दारात पुन्हा नको' असं अरबाब म्हणाला. बाईंची नोकरी स्वतःची होती, मुलगी अस्मी शाळेत होती. त्या राहिल्या. चार वर्षं त्या सबनीसांच्या केबिनसमोरच्या टेबलावर बसत होत्या. रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणत. तो आवाज ऐकून मला भर उन्हाळ्यातसुद्धा एसी बंद करावासा वाटे.

सबनीसांची पन्नाशी जवळ आली होती. जवळचं धूसर दिसू लागलं. बंदुकीच्या मागच्या साइटची खाच त्यांना दिसेना. म्हणून हा नवा साइट: डोळ्याजवळ एक बारीक छिद्र, त्यातून बघायचं, बाकीचं डोळा आपोआप जुळवतो. माल खरेदी विभागाचा, तेव्हा चाचणी बघून सही करायला त्यांनी अनुपमाबाईंना क्लबात पाठवलं. गाडी माझी होती.

क्लबचा शस्त्रदुरुस्तीवाला खैरुद्दीन मूळचा हैदराबादचा. त्याने कार्बाइन वाळूच्या पिशव्यांवर ठेवली.

"पहले पुरानी साइट पे चला के देखतूं मॅडम. बाद में फरक समझता."

"मी चालवू?" बाईंनी विचारलं.

"आप?"

"कोल्हापूरला कॉलेजात एनसीसीत होते. राज्य पातळीपर्यंत."

मी त्यांच्याबरोबर एका ऑफिसात सहा वर्षं काढली होती, तरी हे मला माहीत नव्हतं. सबनीसांना तर नव्हतंच. क्लबाच्या दिवशी बाई नेहमी 'मला भीती वाटते' म्हणून सावलीत बसून राहत.

त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. निशाणाचं कार्ड आणलं तर पाचही भोकं एकाच नाण्याखाली झाकतील इतकी जवळ, पण मधल्या काळ्या ठिपक्यापासून चार बोटं डावीकडे. पुन्हा पाच. पुन्हा तिथेच.

"हात माझा नाही चुकत," बाई म्हणाल्या. "बंदूक चुकतेय."

खैरुद्दीनने चष्मा लावून मागचा साइट पाहिला. तो ज्या खाचेत बसतो तिथे ठोकल्याच्या खुणा होत्या. "किसी ने इसका कान मरोडा है. तीन साल पहले तक सीधी थी. तब से साफसफाई के वास्ते हर साल सबनीस साब खुद ले जाते."

बाईंनी कार्डावर ठिपक्यापासून भोकांपर्यंत पुन्हा चार बोटं ठेवून पाहिली. मीही हळूहळू समजलो. सगळे जण ठिपक्यावर नेम धरून डावीकडे मारत होते. एकटा सबनीस चार बोटं उजवीकडे धरत होता आणि जिंकत होता.

"और एक बात," खैरुद्दीन म्हणाला. "साब का फोन था. नयी साइट लगाओ, मगर मार जैसी थी वैसीच रखो, बोले."

"जैसी थी?" बाई हसल्या. "खैरुद्दीनभाई, अरबाब के अब्बा के टाइम पे जैसी थी, वैसी रखो."

खैरुद्दीनने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जुना साइट काढला. नवा साइट उंच असल्यामुळे गोळी वर जाऊ लागली, म्हणून नळीच्या टोकाची माशीही बदलून उंच बसवावी लागली. आता गोळी खाली लागे. मग कानशीने माशी थोडी घासायची, झाडायची, बघायची, पुन्हा घासायची. घासली की गोळी वर चढते. जास्त घासली गेली तर परत जोडता येत नाही.

"मॅडम, एक हात और मारूं," खैरुद्दीन डोळा मिचकावत म्हणाला, "तो सबकी गोली आसमान में."

"नाही," बाई एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "एक केसभर खोट नको. उद्या त्याला बंदुकीकडे बोट दाखवायला जागा मिळता कामा नये."

उन्हं कलेपर्यंत घासणं चाललं. शेवटचं कार्ड आलं त्यात पाचही भोकं ठिपक्याच्या आत होती. ते कार्ड बाईंनी बंदुकीच्या पेटीत वरच ठेवलं आणि पावतीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सबनीसांनी विचारलं, "झालं का काम?"

"हो सर. चाचणीचं कार्ड पेटीत आहे. बघून घ्या."

"बघायचं काय त्यात!" ते म्हणाले. पेटी त्यांनी उघडली ती थेट स्पर्धेच्या दिवशी. कार्ड उचलून बाजूला टाकलं. मी तिथेच उभा होतो.

सबनीसांची पाळी आधी आली. "यल्ला, सबनीस!" अरबाब ओरडला. पाच गोळ्या झाडून ते हसतच मागे वळले. कार्ड आलं. पाचही भोकं चार बोटं उजवीकडे, बाहेरच्या कड्यात. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. बंदूक खराब आहे म्हणावं, तर पुढच्याच माणसाने, कँटीनच्या पोऱ्याने, ठिपक्याला गोळी लावली.

मग अनुपमाबाई सावलीतून उठल्या. साडीचा पदर खोचला. मागे कुणीतरी म्हणालं, "अहो, त्यांना भीती वाटते ना?" पाच गोळ्या. पाचही ठिपक्यात.

मजलिसमध्ये जेवण झालं. बाई काय मागणार ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी कोल्हापूरहून चारुदत्तचा फोन येऊन गेला होता. त्याने बॅग काढून ठेवली होती.

"बोलो, मॅडम," अरबाब म्हणाला. त्याचं हिंदी मुंबईत व्यापार केलेल्या माणसाचं होतं.

"अरबाब, सबनीस साब से पूछिए, निशाना दाहिनी तरफ क्यों पकडा."

"बस? यही मांगती हो?"

"यही."

अरबाबने विचारलं. सबनीस म्हणाले, आँख कमजोर, हवा थी, आदत. "आदत?" अरबाबने तो शब्द उचलला. त्याने खैरुद्दीनला बोलावलं. खैरुद्दीनने खिशातून जुना साइट काढला आणि ठोकल्याच्या खुणा दाखवल्या. अरबाबने त्यावरून अंगठा फिरवला. खूप हळू बोलला. "मेरे बाप की बंदूक टेढी की तूने. और क्या क्या टेढा किया?"

बाई म्हणाल्या, "पंप का टेंडर."

सबनीसांनी मान खाली घातली. तेवढं पुरलं.

"खलास," अरबाब म्हणाला. चारुदत्तचं नाव त्याने काढलं नाही; बाईंचं एक मागणं वापरून झालं होतं, आणि एकदा दिलेला हुकूम तो मागितल्याशिवाय फिरवत नसे.

चारुदत्तला मिळाले होते तेवढेच दिवस सबनीसांना मिळाले. त्यांचं एकेरी तिकीट खरेदी विभागानेच काढलं. बाईंनी त्यांची सही घेतली आणि म्हणाल्या, "खिडकीची सीट नव्हती, सर."

स्पर्धेच्या त्याच संध्याकाळी अबुधाबीला परतताना माझ्या गाडीत मागे अस्मी होती; ती आईबरोबर क्लबात आली होती. "सो बाबा इज नॉट कमिंग?" तिने विचारलं. बाईंनी खिडकीची काच वर केली.

न राहवून मी म्हणालो, "बाई, एकच मागणं होतं. चारुदत्तना मागायचं होतंत."

"मागितलं असतं तर मिळाला असता, पुरंदरे. आणि सबनीसही राहिला असता. दोघं एका टेबलावर जेवले असते, आणि चारुदत्त त्याला रोज गुड मॉर्निंग म्हणाला असता. ते मला नको होतं."

पेट्रोल पंपावर त्यांनी फोनकार्डासाठी माझ्याकडून तीस दिरहम घेतले. काचेच्या बूथमध्ये त्या बराच वेळ उभ्या होत्या. ओठ थोडाच वेळ हलले, मग नुसता रिसीव्हर कानाला. बाहेर आल्या.

"काय म्हणाले?"

"काही नाही बोलला. कार्ड संपलं."

अस्मीची दहावी झाल्यावर, २००१ मध्ये, त्या कोल्हापूरला परत गेल्या. चारुदत्त स्टेशनवर घ्यायला आला होता असं कळलं. निरोपाच्या दिवशी मी विचारलं होतं, पश्चात्ताप होतो का? "चार वर्षांच्या गुड मॉर्निंगांचा होतो," म्हणाल्या.

फोनकार्डाचे तीस दिरहम त्यांच्याकडून अजून यायचे आहेत.