वत्सलानं आखलेली सहल

वत्सला गेल्याचं मला परभणीच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही तिला जाऊन नऊ दिवस झाल्यावर. पाथरीच्या शाळेतले एक गुरुजी गाडीची वाट बघत उभे होते. "वत्सलाबाईंच्या मैत्रीण ना तुम्ही? झरीला सोबत होतात म्हणे," त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणाले. मग त्यांनी सांगितलं... कावीळ झाली, आठवड्यात सगळं आटोपलं. रडू आलं, पण त्याहून जास्त त्या "हो"ची लाज वाटली. मैत्रीण म्हणवून घ्यायचा माझा हक्क दहा वर्षांपूर्वीच संपला होता.

झरीच्या शाळेत आम्ही एकाच वर्षी लागलो. ती पेडगावची, औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकलेली, दलित वस्तीतली पहिली शिक्षिका. इतिहास शिकवताना पुस्तक हातात धरायची नाही. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्याकडं जायची आणि तिचं पिठलं माझ्याकडं. आमचं घर गळ्यात लिंग बांधणारं. लिंगापुढं सगळे सारखे, हे अप्पांकडून ऐकतच मी मोठी झाले. तरी त्या पिठल्याचं मी घरी कधी बोलले नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याला वर्ष उलटलं होतं. गावागावात माणसं अजून जपून बोलायची. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिकांनी दोन दिवस औरंगाबादला जायचं ठरवलं, आणि आखणी अर्थातच वत्सलानं केली. जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर तिनं नकाशा काढला. पहाटेची रेल्वे, आधी पाणचक्की, उन्हं कलल्यावर बीबी का मकबरा, दुसऱ्या दिवशी खुलदाबाद. "आग्र्याचा ताज बायकोसाठी, आपल्याकडला हा आईसाठी," ती सांगायची. "आन् औरंगजेबाची कबर बघून तुमी म्हणाल, हीच का? वर छप्पर बी न्हाई. मातीत सब्जा लावलाय नुसता." मुक्कामाचं मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. औरंगाबादला माझी मावशी होती.

मावशीनं पत्रातून सगळ्यांची नावं विचारली. मी आडनावांसकट कळवली. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. तुम्ही तिघी या, चौथीचं तू समजून घे, दिवस बरे नाहीत... मला दुसरीकडं मुक्काम बघता आला असता. जायचंच नाही, असंही म्हणता आलं असतं. मी वत्सलाला म्हणाले, "सहल राहिली गं. मावशी लय आजारी हाय."

तिनं विश्वास ठेवला. नकाशाचा कागद माझ्याच पर्समध्ये घातला, "राहू दे, पुढल्या वर्षी लागंल," म्हणाली. सुट्टी लागेपर्यंत रोज विचारायची, "मावशींना कसं हाय आता?" आणि मी रोज नवीन काहीतरी सांगायची. एकदा ताप उतरला म्हणाले, एकदा पुन्हा चढला म्हणाले.

आम्ही तिघी गेलो. तिच्याच कागदावरून पाणचक्की बघितली, उन्हं कलल्यावर मकबऱ्यात शिरलो. हौदाच्या काठाकाठानं चालत होतो, तर समोरून वत्सला येत होती, म्हाताऱ्या आईचा हात धरून. माझ्या हातात तो नकाशा उघडाच होता. तिनं आधी मला बघितलं, मग कागदाला. "सुट्टी होतीच, म्हणून आईला दाखवायला आणलं," ती म्हणाली, जणू जाब तिनंच द्यायचा होता. मग जरा थांबून, "मावशींना बरं वाटायलंय, चांगलं झालं."

तिच्या आईला यातलं काय ठाऊक असणार? लेकीच्या शाळेतल्या बाया भेटल्या म्हणून ती हरखून गेली. हिरवळीवर बसून तिनं फडकं सोडलं, ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी पुढं केली. "खावा बाई, सकाळीच केल्यात." बाकीच्या दोघी एकमेकींकडं बघत म्हणाल्या, "आमचं जेवण झालंय." मग वत्सलानं माझ्याकडं बघितलं. सकाळपासून माझ्या पोटात एक कप चहा होता... "माझं बी झालंय," मी म्हणाले. खोटं मी आधीही बोलले होते. पण पत्रावर मावशीची सही तरी होती. या तीन शब्दांवर दुसऱ्या कुणाची नव्हती.

सुट्टीनंतर ती भांडली नाही. हजेरीचं, परीक्षेचं, सगळं बोलायची. डबा मात्र आपल्या वर्गात बसून खायची. दोन वर्षांनी तिनं पाथरीला बदली मागून घेतली. पाथरीला दिवसातून कितीतरी गाड्या जातात. मी एकीतही बसले नाही.

बसले ती आता, ती गेल्यावर. तिची आई उंबऱ्यात बसली होती, नजर मंदावलेली. मी नाव सांगितलं, आणि बसायच्या आधी सगळं सांगून टाकलं. मावशी आजारी नव्हती, मी उपाशी होते, सगळं. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला. तिनं त्याच दिशी सांगितलं. पर मला सांगून काय व्हायचं, बाई? तिला सांगायचं हुतं."

मी उठले, तर म्हणाली, "गाडी गेली आता. ऱ्हावा हितंच." तिनं रस्त्याकडची खोली उघडली. कोपऱ्यात गाद्यांची चवड, शेजारी धुतलेल्या चादरी. खेड्यांतून दहावीच्या परीक्षेला येणाऱ्या पोरींना राहायला जागा नसायची, म्हणून वत्सलानं ही खोली ठेवली होती. कुणाची कोण, ती विचारायची नाही. दारावर आलेल्या पोरीला आधी आत घ्यायची. राहून गेलेल्या प्रत्येकीनं भिंतीवर पेन्सिलनं नाव लिहायचं, एवढाच नियम. खिडकीपासून दारापर्यंत नावं होती... शकुंतला, शबाना, गंगा, पार्वती, रमा. नुसती नावं. आडनाव एकीचंही नव्हतं.

सकाळी निघताना म्हातारीनं कोनाड्यातली पेन्सिल चाचपून माझ्या हातात दिली. "लिवा. तिची रीत हाय." दाराजवळ थोडी कोरी जागा होती. मी बराच वेळ तिथं उभी राहिले आणि पेन्सिल परत कोनाड्यात ठेवून दिली.